पहिला साप निवडायला लागलेले आठ महिने

गोव्यात माशेलजवळच्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, साप दिसणे नवलाचे नाही. पाटाच्या कडेला विरोळा, पोफळीच्या झावळ्यांच्या ढिगाखाली धामण, आणि पावसाच्या तोंडावर एखादी घोणसही आढळते. साप पाळण्याची माझी इच्छा जुनी होती, परंतु कोणता साप पाळावा हे ठरवायला मला तब्बल आठ महिने लागले.

सुरुवातीलाच खड्डा खणताना आमच्या गड्याला एक मांडूळ सापडले आणि "बाय, हे चावत नाही, हेच ठेव" असे म्हणत त्याने ते माझ्यापुढे धरले. मांडूळ बिनविषारी आणि शांत असते हे खरे. तथापि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडचा कोणताही रानातला साप घरात ठेवता येत नाही, आणि गुप्तधनाच्या खुळचट समजुतीपायी या बिचाऱ्या प्राण्याची आधीच इतकी तस्करी होते की त्याला हात लावणेही मला अन्यायाचे वाटले. ते तिथल्याच मोकळ्या मातीत सोडले. त्या संध्याकाळी आमच्या ओळखीच्या सर्पमित्राने मला स्पष्ट सांगितले, "वहिनी, पाळायचाच असेल तर बंदिवासात जन्मलेला परदेशी साप बघा, आणि साप बघण्याआधी त्याचे कागद बघा."

नवशिक्यांसाठी सुचवले जाणारे कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे दोनच साप मी विचारात घेतले. दोन्ही बिनविषारी आणि साधारण तीन ते पाच फुटांपर्यंत वाढणारे. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तो चपळ असतो, सहसा खाण्याला नकार देत नाही आणि पंधरा-वीस वर्षे जगतो. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन संथ आणि लाजाळू असतो, घाबरला की अंगाचा गोळा करून डोके आत लपवतो, चांगल्या देखभालीत वीस-तीस वर्षे जगतो. मात्र तो कधी कधी आठवडेच काय, महिनेही अन्न नाकारतो. केवळ सोपेपणा पाहिला असता तर कॉर्न स्नेकच घ्यायला हवा होता, आणि माझे मन आधी तिकडेच झुकले होते.

परंतु ज्या विक्रेत्याशी बोलणे झाले त्याचे "याला कागद लागतच नाहीत" हे एकच पालुपद होते. यात अर्धेच सत्य आहे. कॉर्न स्नेक आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, यादीत नाही. त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली परदेशी प्राण्यांची नोंदणी त्याला लागू होत नाही. पण जिवंत प्राणी देशात आणायला परवाना लागतोच, आणि या पिल्लाचे आईबाप कुठून आले हे त्या गृहस्थांना कागदावर दाखवता येईना. शिवाय पिल्लू पार्सलने पाठवण्याची त्यांची तयारी पाहून मी तो विचार सोडला.

त्यानंतर वास्कोतील एका कुटुंबाने, परदेशी स्थायिक व्हायचे असल्याने, आपला चार वर्षांचा नर बॉल पायथन योग्य घरी देण्याची इच्छा व्यक्त केली. बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर करावी लागते, हस्तांतरही कळवावे लागते. त्यांच्याकडे नोंदणी होती आणि प्रत्येक खाण्याची तारीख लिहिलेली वहीही. मी तीन वेळा जाऊन त्याला पाहिले. डोळे स्वच्छ होते, तोंडाशी फेस किंवा बुडबुडे नव्हते, हनुवटीखाली गोचिडांसारखे बारीक किडे नव्हते, आणि टाकलेली कात डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट अखंड होती. रंगाला मी महत्त्व दिले नाही. स्पायडर नावाच्या देखण्या रंगप्रकारात तर डोके डगमगण्याचा जन्मजात दोष असतो, हे रंगावर भुलणाऱ्याने आधी जाणून घ्यावे.

साप आणण्यापूर्वी रिकामी पेटी महिनाभर चालवून पाहिली, आणि हा निर्णय मला सर्वांत उपयोगी पडला. उबदार बाजूला ३२ अंश आणि थंड बाजूला २६ अंश सेल्सिअस राखायचे होते. गोव्यात खरी अडचण उष्णतेची नसून ओलाव्याची आहे: या सापाला साधारण ६० टक्के आर्द्रता पुरते, आणि जुलैत आमच्या खोलीतली आर्द्रता ८५ च्या खाली उतरत नव्हती. अंथरलेल्या नारळाच्या सोडणांच्या भुग्यावर आठ दिवसांत बुरशी धरली. पाण्याचे भांडे लहान केले, जाळीची भोके वाढवली, भुग्याचा थर पातळ केला, तेव्हा कुठे आकडा आटोक्यात आला. वीज गेली तरी आपल्याकडे खोली फारशी गार पडत नाही, एवढा मात्र दिलासा. तापनियंत्रकाशिवाय गरम गादी कधीही लावू नये, कारण साप तिच्यावर भाजेपर्यंत पडून राहतो.

सासूबाईंचा आक्षेप सापाला नव्हता, त्याला खायला लागणाऱ्या गोठवलेल्या उंदरांना होता. "माझ्या फ्रीजमध्ये मेलेले उंदीर नकोत" हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य होते, म्हणून कोठीच्या खोलीत वेगळा छोटा फ्रीझर घेतला. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य मात्र आधी शोधावा. मी विचारलेल्या दोघांनी नकार दिला होता, तिसऱ्यांनी होकार दिल्यावरच मी वास्कोला शेवटचा फोन केला.

घरी आल्यावर आठवडाभर त्याला कोणी हात लावला नाही. त्यानंतर वितळवून कोमट केलेला उंदीर त्याने दोनदा तसाच सोडला. वजन घटत नसेल तर थांबायचे, असे पशुवैद्यांनी सांगितले होते, म्हणून दर रविवारी वजन करून वहीत लिहीत राहिले. तेविसाव्या रात्री त्याने उंदीर घेतला. सकाळी चहा ओतताना सासूबाईंनी विचारले, "खाल्ले का गं त्याने?" आणि मी वही त्यांच्यापुढे केली.