तुम्ही विचारलंत म्हणून: आजीचं मशीन टाके सोडतंय

“घरात आजीचं काळं, पायाचं मशीन आहे. कधी झकास चालतं, कधी टाके सोडतं, कधी खालून दोऱ्याचं जाळं करतं. दुरुस्त करून घेऊ की विकून नवं घेऊ?” हा प्रश्न सारखा येतो. उत्तर: ठेवा. आणि दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी सुई, दोरा आणि कचरा या तीन गोष्टी बघा. मशीन अडलं की बहुतेकांचा हात आधी स्क्रूकडे जातो. दोष सुईत असतो, पिळला जातो बॉबीन केसचा (खालच्या दोऱ्याची बॉबीन बसते त्या डबीचा) स्क्रू, आणि मग एकाचे दोन दोष होतात.

सुई आधी. टोक नखावरून हलकेच ओढा. खरवडलं तर टोक मुडपलंय. चपटी बाजू काचेवर टेकवून फटीतून उजेड बघा. फट टोकापर्यंत सारखी नसेल तर सुई वाकलीय. दोन्हींत सुई फेकायचीच. नवी घेताना दुकानात “घरगुती मशीनची, चपट्या बुडाची” असं स्पष्ट सांगा, कारण कारखान्यातल्या मशीनची गोल बुडाची सुईही तिथेच मिळते आणि ती इथे टाके सोडते. सुती ब्लाउज, पॉपलीनला 14 नंबर, जॉर्जेटसारख्या झिरझिरीत कापडाला 11, जीन्सला 16 किंवा 18.

ज्या मशीनमध्ये बॉबीन केस डावीकडून आत जाते (आपल्याकडची बहुतेक काळी मशीनं अशीच), त्यात सुईची चपटी बाजू उजवीकडे, म्हणजे चाकाकडे येते आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. सुई वर टेकेपर्यंत सरकवूनच स्क्रू आवळा. ती जराशी खाली राहिली तरी शटलच्या (सुईखाली फिरून दोरा पकडणाऱ्या भागाच्या) टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही, आणि टाका सुटतो.

आता जाळं. गुंता खाली दिसतो म्हणून खालच्या दोऱ्याला दोष देतात, पण चूक जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याची असते. वर ताण नसला की दोरा वर ओढला न जाता कापडाखालीच साचतो. दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, वर उचललेलं हवं. तेव्हाच टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. फूट खाली ठेवून ओवलात तर तो चकत्यांच्या कडेवरच राहतो. ओवून झाल्यावर फूट खाली करून दोरा ओढा, अडायला हवा; फूट वर केल्यावर सैल सुटायला हवा. दोन्ही वेळा सारखाच येत असेल तर चकत्यांमध्ये तंतू अडकलेत. वरखाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा गेला नसेल तर पहिल्या चार टाक्यांतच गुंता होतो. आजीच्या डब्यातलं रीळ वापरत असाल तर दोरा झटका देऊन बघा. जुना सुती दोरा सहज तुटतो, आणि मग मशीनच दोरा तोडतं अशी ओरड होते.

बॉबीन केसच्या पातळ पत्रीखाली दोऱ्याचा एवढासा तुकडा अडकला तरी खालचा ताण बिघडतो. कागदाची कड आतून फिरवून तो काढा. मग बॉबीन घातलेली केस दोऱ्याला लोंबकळत धरा. ती आपोआप घसरता कामा नये, हाताला हलका हिसका दिला की थोडी उतरावी. एवढं जमलं तर स्क्रूला हात लावायचं कारण नाही. लावायचाच झाला तर आठव्या हिश्श्याएवढा फिरवा, जास्त नाही.

कचरा कुठे असतो ते बघण्यासाठी सुईखालची पट्टी काढा, साधारण दोन स्क्रू असतात. दात्यांच्या मधल्या खाचांत तंतू आणि तेल मिळून नमद्यासारखी घट्ट वडी झालेली असते. दाते त्यामुळे पुरेसे वर येत नाहीत, कापड सरकत नाही आणि टाका बारीक पडतो. पट्टी हातात आहे तोवर तिच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. सुया आपटून तिथे चरे पडले असतील तर दोरा तिथेच विसकटतो. बारीक पॉलिश पेपरने ते घासून काढता येतात. मग सुई सगळ्यात वर आणून खालच्या कड्याच्या खिट्ट्या उघडा, शटल बाहेर काढा, खोबण पुसा आणि तिथे एकच थेंब तेल सोडा.

तेल शिलाई मशीनचंच. खोबरेल किंवा गोडेतेल घातलं की महिन्याभरात चिकट होऊन घट्ट बसतं. वरच्या प्रत्येक भोकात एक-दोन थेंब, डावं झाकण काढून आत, मग मशीन मागे कलंडवून खालच्या सांध्यांवर. फूट वर ठेवून, दोरा न ओवता, दोन मिनिटं चालवा. नंतर चिंधीवर शिवून जादा तेल निघू द्या. टेन्शनच्या चकत्या, पट्टा आणि बॉबीन भरायच्या चाकाची रबरी रिंग यांना तेल नको. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनमध्ये जुनं तेल सुकून पिवळा चिकटा झालेला असतो. सांध्यांवर थोडं रॉकेल सोडून रात्रभर ठेवा, चाक हाताने पुढेमागे करा, जोर नको. पुसून मगच तेल. हे काम गॅसजवळ करू नका. आणि सोनेरी नक्षीवर स्पिरीट किंवा थिनर कधीच नाही, ती कापडाबरोबर निघून येते.

मशीन जड चालतंय? पट्टा उतरवून चाक हाताने फिरवा. हलकं फिरलं तर दोष खालच्या पायडलमध्ये किंवा जास्त ताणलेल्या पट्ट्यात. जडच राहिलं तर वर, आणि तेव्हा चाकामागे गुंडाळलेला दोरा शोधा, बरेचदा तिथेच सापडतो. पट्टा घसरत असेल तर सेंटीमीटरभर कापून तार पुन्हा जोडा. पायडल उलटं गेलं की दोरा गुंततो, म्हणून सुरुवात हाताने, चाकाची वरची बाजू आपल्याकडे येईल अशी.

चाक फिरतं पण सुई हलत नाही, हा तर बिघाडच नाही: बॉबीन भरताना सैल केलेली चाकाची मधली चकती आवळायची राहिलीय. आवळूनही घट्ट बसत नसेल तर आतला शिंगांचा वॉशर काढून, न पालटता अर्धा फेरा फिरवून लावा.

पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, प्लॅस्टिकचं झाकण घालू नका, आत घाम धरतो. सुती कापड घाला, आणि फुटाखाली चिंधीची घडी ठेवा म्हणजे उतरणारं तेल तिच्यात मुरेल.

सुटे भाग मिळतील का, ही धास्ती नको. आपल्याकडची बहुतेक काळी मशीनं सिंगरच्या 15 नंबरच्या घडणीवर बेतलेली आहेत, त्यामुळे बॉबीन, केस, शटल सगळं मिळतं. लुधियानात आजही ते बनतं. अपवाद होडीच्या आकाराच्या शटलचा, ज्यात नळीसारखी लांबट बॉबीन असते. त्या मशीनचे भाग शोधावे लागतात, म्हणून ते शटल हरवू देऊ नका.

एवढं करूनही नव्या सुईने टाके सुटले तर सुई आणि शटलचा मेळ बिघडलाय. सुई तळातून दोन-अडीच मिलिमीटर वर येते तेव्हा शटलचं टोक तिच्या नेढ्याच्या किंचित वर, अगदी जवळून गेलं पाहिजे. ते काम कारागिराचं. जाताना नुसतं मशीन नेऊ नका; तेच कापड, तोच दोरा, तीच सुई आणि टाके सुटलेला तुकडाही बरोबर न्या, नाहीतर त्याच्या दुकानातल्या कापडावर मशीन हमखास नीट शिवतं.