साठातले नऊ दिवस

कंपनीचं पत्र रजिस्टर पोस्टाने आलं तेव्हा मी आईला उठवून बसवत होते. सही बाबांनी केली, पाकीटही त्यांनीच फोडलं. बाबा मराठी शाळेतले निवृत्त मास्तर, इंग्रजी कागद पेन्सिल हातात घेऊन वाचतात. एका शब्दाखाली रेघ मारून त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. अब्स्काँडिंग. "हे म्हणजे फरारी ना गो? चोर पळतो तसं?"

मला रडूच फुटलं. मी पळाले नव्हते. 3 जुलै 2023 ला ईमेलने राजीनामा दिला, 12 तारखेपर्यंत कामावर गेले, ओळखपत्र आणि लॉकरची चावी देऊन पोच घेतली. पण नोटीस साठ दिवसांची, आणि मी भरले नऊ.

जूनअखेर आईला अर्धांगवायूचा झटका आला. गोमेकॉतून, म्हणजे गोव्याच्या सरकारी इस्पितळातून, तिला घरी आणलं तेव्हा तिची उजवी बाजू गेलेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भाऊ बोटीवर. बाबांना एकट्याने तिला उचलवत नव्हतं. आणि मी साखळीहून वेर्ण्याला कंपनीच्या लॅबमध्ये जाणारी: पहाटे साडेपाचची बस, पणजीहून पुढे कंपनीची बस, घरी परतायला रात्रीचे आठ. बिनपगारी रजा मागितली, मिळाली नाही. नोटीस कमी करा म्हटलं, तेही नाही. मग मी थांबले नाही, आणि आजही तेच करेन.

पैशांचं सांगते, कारण अशा वेळी माणूस घाबरून सगळंच सोडून देतो. नेमणूकपत्रात लिहिलं होतं की नोटीस न भरल्यास तेवढ्या दिवसांचा मूळ पगार द्यायचा. मूळ पगार 21,000, म्हणजे दिवसाला 700. उरलेल्या 51 दिवसांचे 35,700. त्यातून जुलैचा पगार आणि शिल्लक रजा वळती करून मी 12,100 भरले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सही माझीच होती.

पण ग्रॅच्युइटीही, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, बुडाली असं कंपनीने फोनवर सांगितलं, ते मी मानलं नाही. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्यात पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळायची. ती अडवायला गैरवर्तन किंवा नुकसानीसारख्या कारणावरून कामावरून काढलेलं असावं लागायचं. नोटीस न भरणं त्यात येत नव्हतं. माझी सव्वापाच वर्षं झाली होती. 21,000 ला 26 ने भागून गुणिले 15, गुणिले 5: 60,577 रुपये. फॉर्म भरून पाठवला, महिनाभर वाट पाहिली, मग पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले. पैसे आले. पीएफच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख कंपनी टाकेना, ती शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आपली आपल्याला टाकता येते. राजीनाम्याचा ईमेल आणि गेटवरची पोच दाखवल्यावर पत्रातला तो शब्दही गेला. नवीन पत्र बाबांनी दोनदा वाचलं.

मला लागून राहिलंय ते वेगळंच. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या एचपीएलसीवर, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, एक मुलगी होती, नोकरीला जेमतेम आठ महिने. स्टॅबिलिटीचे, म्हणजे माल किती काळ टिकतो ते तपासायचे, माझे सगळे सॅम्पल तिच्या गळ्यात पडले. एक कॉलम, म्हणजे यंत्रातली गाळणीसारखी नळी, असा होता की सकाळी अर्धा तास जास्त धुतला नाही तर आलेखातलं टोक, म्हणजे पीक, पसरायचं. हे कुठल्याच एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, नव्हतं, माझ्या हाताला ठाऊक होतं. तिचा निकाल आउट ऑफ स्पेक, म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर, आला, चौकशी बसली, लेखी जबाब तिला द्यावा लागला. रात्री पावणेबाराला तिचा मेसेज: "ताई, तुम्ही हा कॉलम कसा धुवायचात?"

नोटीस मागतात ती खरं तर याच्यासाठी. कंपनीचे पैसे मी फेडले, पण या मुलीचं देणं पगारातून कापून जाणारं नव्हतं.

त्या आठवड्यात आई झोपली की मी वही घेऊन बसायचे. कुठला पंप दमट हवेत कुरकुरतो, कुठल्या लॉगबुकात काय लिहायचं राहतं, सगळं आठवून लिहिलं. रविवारी बाबांना आईजवळ बसवून पणजीच्या कदंब स्टँडवर गेले. पाऊस मी म्हणत होता. तिने वही ओढणीखाली धरली आणि आधी विचारलं, "आई बसते का आता?"

"बसते," म्हटलं. "उशी लावून, दहा मिनिटं."