‘हे खरे आहे काय?’ विचारून पैसा सापडत नाही

विधानसभेच्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नांची कुठलीही यादी उघडा, साचा एकच दिसेल. (१) अमुक तालुक्यातील रस्त्याचे काम निकृष्ट झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा ठरलेला. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी सूचना देऊन लावलेला प्रश्न दोन ओळींत निकालात निघतो. गंमत म्हणजे खाते खोटे बोललेले नसते. प्रश्नात ‘निकृष्ट’ हा शब्द होता आणि खात्याच्या चाचणी अहवालात तो नव्हता, एवढेच.

आमदाराला सरकारी खर्चावर प्रश्न विचारायचा तर विशेषणे आधी काढून टाकावीत. निकृष्ट, अवाजवी, प्रचंड, संगनमत हे शब्द खात्याला ‘नाही’ म्हणायला जागा देतात. त्याऐवजी खात्याकडे लेखी असलेच पाहिजे असे काही मागावे: प्रशासकीय मान्यतेचा दिनांक व रक्कम, तांत्रिक मान्यता कोणी दिली, निविदेचा दर अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली, कार्यारंभ आदेश कधीचा, सुधारित प्रशासकीय मान्यता (सुप्रमा) किती वेळा आणि कोणत्या कारणाने, मोजमाप पुस्तिकेत आजवर किती काम नोंदले आणि देयके किती अदा झाली. यातल्या एकालाही ‘हे खरे नाही’ हे उत्तर बसत नाही. सुप्रमाचे कारण तर हमखास विचारावे. दरवाढ, भूसंपादन, व्याप्तीतील बदल अशी कारणे एकाच वाक्यात कोंबलेली असतात. प्रत्येकामुळे किती कोटी वाढले हे वेगळे मागितले की बहुतेक वेळा ‘व्याप्तीतील बदल’ सर्वात जाड निघतो. म्हणजे मूळ कामाचा विचारच अर्धवट होता, किंवा काम मंजूर झाल्यावर त्यात कोणाची तरी भर पडली.

प्रश्नाला मुळे लागतात ती लेखाशीर्षात. सरकारी हिशेबात प्रत्येक रुपयाला आकड्यांची ओळख असते. पहिले चार अंक प्रधान शीर्षाचे. २ किंवा ३ ने सुरू होत असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ ने असेल तर भांडवली, ६ किंवा ७ ने असेल तर कर्ज. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, ३०५४ रस्ते व पूल यांची देखभाल, ५०५४ नवे रस्ते व पूल. शेवटचे दोन अंक पैसा कशावर गेला ते सांगतात: ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, २१ सामग्री व पुरवठा, ३१ सहायक अनुदाने, ५० इतर खर्च, ५३ मोठी बांधकामे. ‘५० इतर खर्च’ ही अर्थसंकल्पातली अडगळीची खोली. योजनेची बरीचशी तरतूद तिथे दिसली तर तपशील मागायलाच हवा.

लेखाशीर्ष शोधायला मंत्रालयात जावे लागत नाही. योजनेच्या शासन निर्णयात शेवटी ‘हा खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष अमुक याखाली भागविण्यात यावा’ असे वाक्य असते. ते शीर्ष घेऊन वित्त विभागाच्या ‘बीम्स’ प्रणालीत पाहावे. तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे तिथे कळते. मग अर्थसंकल्पाची पुस्तके. २०२५-२६ च्या पुस्तकात त्या वर्षाच्या अंदाजाशेजारी २०२४-२५ चे मूळ व सुधारित अंदाज आणि २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च असतो. एकाच शीर्षाचे एकाच वर्षाचे मूळ, सुधारित आणि प्रत्यक्ष असे तिन्ही आकडे हवे असतील तर लागोपाठच्या दोन वर्षांची पुस्तके समोर हवीत. एका पुस्तकावरून केलेले भाषण बहुधा मूळ अंदाजाचे गुणगान किंवा निंदा असते. तो पैसा खरोखर गेला का, हे त्यातून कळत नाही.

आणि इथेच नवखा आमदार फसतो. बीम्सवर ‘खर्च’ दिसला म्हणजे काम झाले असे नाही. कोषागारातून पैसा निघाला की तो हिशेबाने खर्च. तो जिल्हा परिषदेच्या खात्यात असेल, महामंडळाकडे असेल, स्वीय प्रपंजी खात्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनामे उघडलेल्या ठेव खात्यात, पडून असेल. औषधांचेच पाहा. राज्याने २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली आणि २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे केले. अशा मध्यस्थ यंत्रणेकडे निधी वर्ग झाला की आरोग्य विभागाच्या शीर्षात तो खर्ची पडतो, रुग्णालयाच्या भांडारात गोळ्या पोहोचोत वा न पोहोचोत. म्हणून ‘औषधांवर किती खर्च केला?’ या प्रश्नाचे उत्तर सुंदर येते आणि निरुपयोगी असते. विचारायचे ते असे: किती निधी वर्ग केला, त्यापैकी किती रकमेचे पुरवठा आदेश निघाले, किती माल प्रत्यक्ष मिळाला, ३१ मार्चला किती शिल्लक होती, आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावर वापरल्याचा दाखला) किती रकमेचे आले. पाच आकडे, एकाच तक्त्यात, तीन वर्षांचे. तक्ता मागितला की गोलमोल वाक्यांना जागा उरत नाही. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे उत्तर आले, तर तीही माहितीच: शिल्लक किती हे खात्यालाच ठाऊक नाही.

दुसरी गफलत मागण्यांची, म्हणजे खात्यागणिक सभागृहाकडे मंजुरीसाठी येणाऱ्या खर्चाच्या रकमांची. एकाच योजनेचा पैसा सर्वसाधारण, अनुसूचित जाती घटक आणि आदिवासी घटक अशा वेगवेगळ्या मागण्यांत विभागलेला असू शकतो. लाडकी बहीण योजनेसाठी मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाकडून ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाकडून ३३५.७० कोटी वळवल्यावरून वाद झाला, तो यातलाच. फक्त महिला व बालविकासाची मागणी वाचणाऱ्याला योजनेचा पूर्ण बोजा दिसत नाही. आणि सामाजिक न्यायाची एकूण तरतूद मोजून समाधान मानणाऱ्याला वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांच्यासाठी नेमके किती उरले ते दिसत नाही.

पुरवणी मागण्यांकडे सभागृहाचे लक्ष सर्वात कमी असते आणि माझ्या मते खरी झुंज तिथेच व्हायला हवी. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्प मांडला गेला आणि ९ जुलैला ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अनुच्छेद २०५ नुसार पुरवणी मागणी तेव्हाच, जेव्हा मंजूर रक्कम अपुरी पडते किंवा मूळ विवरणात नसलेल्या नव्या सेवेसाठी खर्चाची गरज उद्भवते. मग ११ दिवसांपूर्वी काय माहीत नव्हते, हा प्रश्न दरेक मोठ्या बाबीला विचारता येतो. अनिवार्य, कार्यक्रमांतर्गत आणि केंद्र पुरस्कृत अशी वर्गवारी केलेली असते, त्यात ‘अनिवार्य’ शब्दाला दबून जाऊ नये. कोणत्या कायद्याने किंवा आदेशाने अनिवार्य, ते विचारावे. लाक्षणिक मागण्यांवरही डोळा ठेवावा. रक्कम एक हजार रुपये असते म्हणून कोणी थांबत नाही, पण त्या हजारातून नव्या बाबीला सभागृहाची संमती मिळते आणि मोठी रक्कम त्याच मागणीतल्या बचतीतून पुनर्विनियोजनाने, म्हणजे एका बाबीचा पैसा दुसरीकडे वळवून, येते.

कपात सूचनांबद्दल, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असे सुचवणाऱ्या प्रस्तावांबद्दल, फार लिहीत नाही. त्या मंजूर होत नाहीत. झाली तर सरकारवरच बेतेल. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या मागण्या गिलोटिनने एका दमात मताला टाकल्या जातात. तरी आपल्या विषयावर बोलायची वेळ मिळवायला सूचना द्यावीच.

धोरणावर प्रश्न विचारताना व्याख्या आधी पक्की करावी. हे सिंचनाच्या वादातून शिकण्यासारखे आहे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून निघालेला, दशकभरात सिंचन ०.१ टक्का वाढल्याचा आकडा आणि सुमारे ७० हजार कोटींचा खर्च शेजारी ठेवले गेले आणि भडका उडाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका आली, पुढे माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. पण सभागृहात दोन बाजू दोन वेगळ्या गोष्टी मोजत होत्या. पाहणीतला आकडा पिकाखालच्या एकूण क्षेत्रातील ओलिताच्या टक्केवारीचा, तर जलसंपदा विभाग निर्मित सिंचन क्षमता सांगत होता. कालव्याच्या शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोहोचले नसले तरी कागदावर क्षमता निर्माण झालेली असते. प्रश्नात ‘सिंचन किती वाढले’ एवढेच असेल तर विभाग त्याला सोयीचा आकडा देणार. निर्मित क्षमता, प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र आणि दोहोंतील तफावतीची प्रकल्पनिहाय कारणे, असे तिन्ही एकत्र मागितले तर पळवाट राहत नाही.

कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल बऱ्याचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, त्यामुळे त्यावर तिथल्या तिथे काही होत नाही. ते आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातात. तिथे मंत्री नव्हे, सचिव साक्षीला येतात, कॅमेरे नसतात आणि म्हणून प्रश्नोत्तरे नीट होतात. पण समिती वर्षानुवर्षे मागे असते. परिच्छेद चर्चेला येईपर्यंत तो सचिव बदललेला, कंत्राटदाराची अनामत परत गेलेली. त्यामुळे अहवाल आला की समितीची वाट न पाहता त्यातल्या एका परिच्छेदावर पुढच्या अधिवेशनात प्रश्न लावावा: कॅगने आक्षेपित केलेल्या रकमेपैकी आजवर वसुली किती?

तारांकित प्रश्नाच्या तासात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात. नंबर लागला तर लांबलचक प्रस्तावना टाळावी. अध्यक्ष थांबवतात आणि उपप्रश्न तसाच राहतो. उपप्रश्न एकच, छापील उत्तरातल्या आकड्यावर, आणि शेवटी मुदत मागणारा. ‘चौकशी करण्यात येईल’ हे मंत्र्याचे वाक्य सभागृहाच्या वृत्तांतात गेले की दिलेली आश्वासने पाळली का ते पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे नोंदवता येते. ‘सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊ’ हे येत नाही. ते ऐकले की खाली न बसता ‘किती दिवसांत?’ एवढे विचारावे, आणि वृत्तांताची असंपादित प्रत त्याच संध्याकाळी काढून मंत्र्याचे वाक्य तपासून घ्यावे.