पाटी एकाची, केबल दुसऱ्याची

जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा, हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास उघडतो. एकदा कापसाच्या गाड्या यायला लागल्या की मशीन थांबवून काम करायला कोणी देत नाही. त्यामुळे त्याआधीचे आठवडे आमच्यासारख्या इलेक्ट्रिकल कंत्राटदारांचे असतात. अमळनेर-धरणगाव पट्ट्यातल्या एका जिनिंगमध्ये आम्ही अशाच दुरुस्तीला गेलो होतो. काम लहान होतं. 'जिन लाइन २'च्या लोकल बोर्डावर, म्हणजे मशीनजवळच्या स्विचबोर्डावर, आत येणाऱ्या केबलचा एक लग, म्हणजे टोकाला बसवलेला धातूचा जोड, तापून काळा पडला होता, तो कापून नवा बसवायचा होता.

मेन पॅनेलवर 'जिन लाइन २' लिहिलेला फीडर, म्हणजे त्या लाइनला वीज देणारा स्विच, बंद केला. त्याच्या दरवाज्यावरचे लाल, पिवळा, निळा असे तिन्ही दिवे विझले. हँडलला कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात ठेवली, वर 'माणसं कामावर आहेत'ची पाटी अडकवली. हंगाम बंद, त्यामुळे एकही मोटर चालू नव्हती. काय बंद पडलं आणि काय नाही, हे कानाला कळायला काही मार्गच नव्हता.

नाना आमचे सगळ्यात जुने वायरमन. त्यांचा टेस्ट लॅम्प दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून केलेला आहे, कारण दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात आणि २३० व्होल्टचा एकटा बल्ब तिथे टिकत नाही. ते आधी चालू असलेल्या ठिकाणी लॅम्प लावून तो पेटतो का बघतात, मग कामाच्या जागी लावतात आणि मग परत चालू ठिकाणी. बल्ब मध्येच उडाला असेल तर न पेटणारा लॅम्प खोटी खात्री देतो, म्हणून ही तिसरी खेप. घाई कितीही असो, ती ते चुकवत नाहीत. त्या दिवशी दुसऱ्याच खेपेला, काळ्या पडलेल्या लगवर, दोन्ही बल्ब लख्ख पेटले.

"भाऊ, आठे करंट शे!" नाना अहिराणीत ओरडले. इथे करंट आहे!

पाना त्यांच्या मांडीवर होता. लॅम्पऐवजी आधी पाना लागला असता तर काय झालं असतं, ते या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको.

कारण शोधायला वेळ लागला नाही. उन्हाळ्यात पॅनेलला रंग दिला होता. रंगाऱ्यांनी दरवाजे काढून नेले आणि परत बसवताना एकाच मापाचे दोन दरवाजे अदलाबदल झाले. पाट्या दरवाज्यांवर चिकटवलेल्या, त्या दरवाज्यांबरोबर गेल्या. दिव्यांच्या वायरी मात्र ज्याने कोणी जोडल्या त्याने समोर दिसेल त्या टर्मिनलवर जोडल्या. म्हणूनच दिवे विझले, फक्त ते शेजारच्या लाइनचे होते. दरवाजा उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर दरवाज्याकडून येणाऱ्या वायरींवर 'एफ ५'चे, म्हणजे फीडर क्रमांक पाचचे, फेरूल (वायरीवर चढवलेल्या आकड्याच्या नळ्या) आणि त्या ज्या टर्मिनलवर कसलेल्या तिथे 'एफ ४'.

पाटी नसती तर आम्ही केबल हाताने धरून शेवटपर्यंत गेलो असतो. पाटी नसली की माणूस शंका घेतो, पाटी असली की विश्वास ठेवतो. २५० व्होल्टच्या वर कवटी आणि हाडांची धोक्याची पाटी कायद्याने लावावी लागते आणि त्या पॅनेलवर ती ठसठशीत होती. पण ती इथे करंट आहे एवढंच सांगते. कोणता फीडर कुठे जातो ते आपणच नीट लिहायचं असतं.

मालकांना दादांमार्फत निरोप दिला की लगचं काम थांबलंय, आज सगळं पॅनेल शोधून काढणार. दादा म्हणजे तिथले सुपरवायझर. ते थोडे कुरकुरले, पण नानांचा चेहरा पाहून त्यांनी वाद घातला नाही. मग सगळे फीडर बंद करून एकेक चालू करायचा, एकाने पॅनेलवर थांबायचं, दुसऱ्याने लोकल बोर्डावर टेस्ट लॅम्प घेऊन, मध्ये फोन.

'स्पेअर' लिहिलेला फीडर पहिल्यांदा बंद केला तेव्हा मजुरांच्या खोल्यांकडून एक बाई आली आणि पंखा का बंद केला म्हणून विचारू लागली. खोल्यांचे दिवे, पंखे आणि बोअरची मोटर त्या 'स्पेअर'वर होती. 'जुना पंखा' लिहिलेला फीडर प्रेसच्या पंपाला जात होता. तो जुना पंखा कुठे होता हे दादांनाही आठवेना. पॅनेलच्या मागच्या बाजूला तर एकही पाटी नव्हती. मागे गेलं की डावं उजवं होतं, समोरचा डावीकडून दुसरा मागे उजवीकडून दुसरा असतो, आणि केबल तर मागूनच जोडायच्या असतात. सोलरच्या स्विचवर नुसतं 'सोलर' होतं. महावितरणचा पुरवठा गेला की इन्व्हर्टर थांबतो हे खरं, पण खानदेशच्या उन्हात छतावरच्या पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी वायर दिवसभर चालूच राहते. ते तिथे लिहिलेलं हवं.

नव्या पाट्या जळगावहून कोरून आणल्या. मजकूर असा: 'एफ ५, जिन लाइन २, १२५ अँपियर, केबल ३.५ कोर ७० चौ.मिमी अॅल्युमिनियम'. लोकल बोर्डावर 'मेन पॅनेल एफ ५ वरून'. कुठून आलं हे लिहायला लोक विसरतात, आणि अडचणीच्या वेळी बंद करणारा माणूस नेमका लोकल बोर्डापाशी उभा असतो. आकडा हातभर अंतरावरून नव्हे, खोलीच्या दारातून वाचता येईल एवढा मोठा ठेवला. हंगामात सातपुड्याकडून येणाऱ्या सगळ्याच मजुरांना अक्षरं येतात असं नाही, आकडा ओळखतात. पाट्या दरवाज्यावर नाही, फ्रेमवर रिव्हेट मारून बसवल्या, पुढे आणि मागे. रुईची धूळ आणि उंदीर कागद ठेवत नाहीत, म्हणून केबलला अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून काढलेले आकडे, दोन्ही टोकांना.

तो लग मग खऱ्या 'एफ ५'ला कुलूप घालून, तिन्ही खेपा करून बदलला.

एक केबल राहिली. ती सरकीच्या गोदामाच्या फरशीखाली जाते आणि दुसरं टोक कुठेच वर येत नाही. ती पॅनेलमधून सोडवून टोकं टेप करून ठेवली आणि तिला तारखेसह पट्टी बांधली: 'दुसरं टोक सापडलेलं नाही. चालू समजावी.' गोदाम रिकामं झालं की फरशी उकलायची असं दादांशी ठरलं आहे.