हो, गुरुजींकडून पैसे घेतले

आमच्या भागात 'तेव्हा कुठं होतात' म्हणजे किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत, जो तो सांगतो अंगणात कसा पळाला. मला मात्र ११ सप्टेंबर २००१ चं विचारतात, कारण अंबाजोगाईत माझा एसटीडी बूथ होता, पैसे देऊन परगावी-परदेशी फोन लावायचा. आणि कुठं होतात हे नुसतं निमित्त, खरं विचारायचं असतं ते, 'गुरुजींकडून त्या रात्रीच्या फोनचे पैसे घेतलेत का हो?' तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, घेतले.

न्यूयॉर्कात पहिलं विमान आपल्या संध्याकाळी सव्वासहाला धडकलं, आठच्या आत दोन्ही टॉवर खाली. समोरच्या हॉटेलात टीव्हीपुढं ही गर्दी. गुरुजी चिठ्ठीवर नंबर घेऊन आले, मुलगा राहायला न्यू जर्सीत, कामाला मॅनहॅटनमध्ये. लावतोय, लावतोय, नुसतं टूं टूं टूं, रिडायल दाबून बोट दुखायला लागलं. लाईन लागत नाही तोवर मीटर पडत नाही, तिथवर ठीक होतं. बाराच्या पुढं लागली आणि मुलाचाच आवाज आला. गुरुजी एकदम, "बाळा, बरा आहेस ना रे?" तिकडून इंग्रजीत दोन वाक्यं आणि पीं. आन्सरिंग मशीन. मी काच वाजवून म्हणलो, गुरुजी ठेवा, मशीन आहे ते. त्यांना कळलं होतं. तरी म्हणले, परत लाव. मग परत, मग अजून एकदा, बोलत काहीच नव्हते, नुसता तो आवाज ऐकायचे आणि लाल आकडे पळायचे, मशीननं उचललं तरी मीटरला ते उचललंच की.

बिलाची पट्टी त्यांनी दोनदा वाचली, पाकीट काढलं. राहू द्या म्हणलो नाही मी. (मुलगा सुखरूप होता, दुसऱ्या दिवशी कळलं.)

अहो, टेलिफोन खात्याचं बिल माझ्या नावावर यायचं. निदान कमिशन सोडायचं होतं म्हणता? हे मीच मला कितीदा म्हणून झालंय. तेव्हाचा मी म्हणतो, कर्ज काढून बूथ टाकलाय, आज एकाला सोडलं की उद्या दहा येतील. आत्ताचा मी म्हणतो, रोज काय विमानं धडकणार होती का? तर तो ऐकत नाही, म्हणतो पैसे नको म्हणलो असतो तर गुरुजी एकाच फोनवर लाजून उठून गेले असते, पैसे देत होते म्हणून हक्कानं परत लाव म्हणले. तेही असेल.

गुरुजी नंतर बूथवर आले नाहीत. घरी फोन घेतला होता त्यांनी, म्हणूनही असेल.