एअर शोच्या मैदानात आमच्या जुन्या मिलिटरी गाड्या

या शनिवार-रविवारी नाशिकच्या एअर शोला आमच्या ग्रुपला मैदानात गाड्या लावायला जागा मिळाली. प्रेक्षकांच्या दोरीच्या अलीकडचा एक लांबट पट्टा, तिथं आम्ही एक विलीज एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप, महिंद्राच्या दोन सीजे-थ्री-बी जीपा, एक जोंगा, म्हणजे आर्मीची मोठी जीप, एक जिप्सी आणि टोकाला शक्तिमान ट्रक असं सगळं ओळीनं उभं केलं. लोक विमानं बघायला आले होते हे तर आहेच, पण विमान डोक्यावर असतं थोडा वेळ, मग पुढचं येईपर्यंत माणसं करणार काय, सगळी आमच्याकडे वळायची, आणि मग पोरं टायरवर चढतायत, कुणी बोनेट उघडायला सांगतंय, कुणी आजोबांचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत आणतंय.

आधीच्या आठवड्यात ग्रुपमध्ये एका गोष्टीवरून बरीच चर्चा झाली होती, ती म्हणजे गाड्यांपुढच्या बोर्डावर काय लिहायचं. एकदोघांचं म्हणणं होतं की सगळ्याच जीपांवर 'दुसऱ्या महायुद्धातली जीप' लिहू, लोकांना तेच आवडतं, फोटो काढतात. मी याला ठाम नाही म्हटलं. जी गाडी महायुद्धात नव्हती तिच्यावर महायुद्ध चिकटवायचं म्हणजे तिची स्वतःची जी खरी हकीकत आहे ती पुसायची, आणि आमच्या सीजे-थ्री-बीची हकीकत काय कमी आहे का! शेवटी सगळ्यांना पटलं आणि प्रत्येक गाडीचं मॉडेल, इंजिन, कुठं बनली, आमच्याकडे कशी आली, एवढं साधं मराठीत लिहून लावलं.

आता हे नीट सांगतो, कारण दोन दिवस सगळ्यात जास्त हाच प्रश्न आला, की खरी वॉरची जीप ओळखायची कशी.

विलीज एमबी बनली १९४१ ते १९४५, आणि तशीच सेम जीप फोर्डनं जीपीडब्ल्यू नावानं बनवली, दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. तिचं बोनेट बसकं असतं, पुढच्या पत्र्याच्या ग्रिलला नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या सिव्हिल जीपला, म्हणजे सीजेला, सात. मागं टेलगेट नसतो, पत्रा सरळ बंद, आणि स्टेपनी पाठीवर लावलेली. ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्याला बाहेरून फावडं आणि कुऱ्हाड बसवायला खोबणी असते. हेडलाइट छोटे, ग्रिलच्या आत बसवलेले, आणि एक नट सैल केला की हेडलाइट उलटा वळून इंजिनवर उजेड पाडतो, म्हणजे रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तरी टॉर्च लागत नाही. हे करून दाखवलं की माणसं थक्क व्हायची, आणि दर वेळी मागून कुणीतरी 'परत दाखवा ना दादा' म्हणायचंच. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे आणि भरायची तर सीट उचलायला लागते. सिव्हिल सीजेला टाकी तिथंच पण तोंड बाहेरच्या पत्र्यातून काढलंय, त्यामुळं तेवढं एक बघितलं तरी कळतं. फोर्डची असेल तर बोल्टच्या डोक्यावर एफ अक्षर उमटवलेलं सापडतं.

डावीकडच्या स्टिअरिंगवरून मात्र काही ठरवू नका, आपल्या महिंद्राच्या जीपासुद्धा कितीतरी वर्षं लेफ्ट हँडच निघत होत्या, मागं 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेल्या जीपा पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवतील.

सीजे-थ्री-बीचं बोनेट उंच का, हे पण लोकांना माहीत नसतं. एमबीचं इंजिन २,१९९ सीसीचं, ६० हॉर्सपॉवरचं, त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे (इनलेट) आणि धूर बाहेर सोडणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह इंजिनच्या ब्लॉकमध्ये बाजूला असायचे. पुढं त्याच ब्लॉकवर हरिकेन इंजिन आलं, त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, ताकद वाढली पण इंजिन उंच झालं आणि ते जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेटच वर उचललं. तीच जीप महिंद्रानं वर्षानुवर्षं बनवली, आर्मीनं वापरली, फॉरेस्टनं, पोलिसांनी वापरली, आणि आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारांनी द्राक्षाचे क्रेट वाहायला वापरली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून सुरू झालेलं हे काम, आणि आज थार बनते ती आपल्या नाशिकच्या प्लांटला. सातपूरच्या त्याच प्लांटला नोकरी केलेले एक काका सीजेच्या डॅशबोर्डवर हात ठेवून सुनेला सांगत होते, 'बघ, हिच्या नातवंडांच्या लाइनवर होतो मी.'

दुसरा प्रश्न रंगाचा. 'मिलिटरीची गाडी आहे ना, मग हिरवी का नाही?' तर भाऊ, सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्सचा १२१ नंबरचा नियम आहे, डिफेन्सची गाडी सोडून कुठल्याच गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. तसंच आर्मीच्या नंबर प्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो, तो लावायचा अधिकार फक्त फौजेचा. रस्त्यावर ऑलिव्ह ग्रीन मारून, बाण रंगवून फिरणारी पोरं दिसतात, मला ते अजिबात आवडत नाही, कारण त्या रंगाला आणि बाणाला नाक्यावर मान मिळतो तो कुणाच्यातरी ड्युटीमुळं मिळतो. आमच्या गाड्या वाळूच्या आणि मातकट रंगात आहेत, आणि एमएच-१५ च्या रीतसर आरसीवर. एमबीला व्हिंटेजची व्हीए सिरीजची प्लेट आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी ही सोय झाली, त्यावर रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, रिपेअरिंगला गाडी बाहेर काढता येते, रोज भाजी आणायला नाही.

शनिवारी दुपारी भगूरकडचे एक निवृत्त हवालदार आले, नातू बरोबर. मराठा लाइट इन्फंट्रीत रिकॉइललेस, म्हणजे फायर करताना मागं धक्का न देणाऱ्या गनच्या, प्लाटूनला होते म्हणाले. ते सीजेभोवती एक चक्कर मारून आले आणि मागच्या जागेकडे बोट करून नातवाला सांगायला लागले की इथं गन बसायची, १०६ एमएमची. आमच्याकडे गन नव्हती, हत्याराचं काहीच आम्ही ठेवत नाही, पण त्यांनी हातांनी हवेत आख्खी गन उभी केली. गोळा पुढं जातो तेव्हा गॅस मागच्या तोंडानं बाहेर पडतो, त्यामुळं धक्का बसत नाही, म्हणून तर एवढीशी जीप ती गन पेलते, पण मागं कुणी उभं असेल तर तो भाजून निघतो, आणि फायर केलं की धुरळा उडून शत्रूला जागा कळते, म्हणून लगेच जीप हलवायची. ड्रायव्हरचं काम तिथं असतं, म्हणाले, इंजिन चालू, गिअरवर हात. मग अब्दुल हमीदांचं नाव निघालं, ४ ग्रेनेडियर्सचे, सप्टेंबर १९६५ ला खेमकरण भागात असल उत्तरला जीपवरच्या अशाच गननं पॅटन टँक फोडत फोडत ते तिथंच पडले, परमवीर चक्र मिळालं. नातू सातवी-आठवीतला, त्यानं विचारलं, 'आबा, टँकसमोर ही एवढीशी जीप?' आबा म्हणाले, 'एवढीशी होती म्हणूनच तर उसात लपली.' भोवती चाळीस-पन्नास माणसं जमली होती आणि तेवढ्यात वरून विमानांचा आवाज आला तरी निम्मे लोक मान वर न करता ऐकत होते.

यासाठीच मी म्हणतो की गाडीला दोरी बांधून 'हात लावू नका' लिहायचं नाही. हवालदारांना ड्रायव्हर सीटवर बसवलं, सेल्फ मारला, लागलीच गाडी चालू झाली, आणि त्यांचा डावा पाय आपोआप क्लचवर गेला.

काळजी अर्थातच घेतो आम्ही. प्रत्येक चाकाला मागंपुढं लाकडी ठोकळे, शो चालू नसताना बॅटरीची वायर काढलेली, गिअरबॉक्सखाली तेलाचा ट्रे, आणि शक्तिमानच्या फाळक्यावर पोरं चढवायला दोन माणसं कायम उभी. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या एमएएनच्या लायसन्सवर जबलपूरला बनलेला ट्रक, १९७१ च्या युद्धातही फौज तो वापरायची. पोरांना सगळ्यात जास्त तोच आवडला, मोठा आहे म्हणून. जोंगा पण जबलपूरचीच, निसान पेट्रोलवरून आलेली, सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. तिचं अ‍ॅव्हरेज सांगितलं की लोक मालकाकडे सहानुभूतीनं बघतात, पण चढावर ती ज्या आवाजात जाते तो ऐकला की तोच माणूस दुसऱ्यांदा 'चालू करा ना' म्हणतो.

रविवारी ओझरचे एक काका आले, विमानं बनवणाऱ्या एचएएलमधून रिटायर. मिग-२१ साठी १९६४ ला उभा राहिलेला कारखाना तो, मग मिग-२७, मग सुखोई, आणि आता तेजसची लाइन. मिग-२१ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून निवृत्त झालं, ते बोलताना त्यांचा आवाज बदलला. त्यांनी एमबीच्या बॉडीचे स्पॉट वेल्ड बोटानं तपासले, एका जागी थांबून विचारलं हा पत्रा नवीन ना, हो म्हटलं, तर म्हणाले काम स्वच्छ आहे. माझ्यासाठी ती दोन दिवसांतली सगळ्यात मोठी दाद. विमानाचा पत्रा आयुष्यभर ज्यानं हाताळला त्यानं सांगितलं. नाशिकचं हे आहे बघा, इथं गर्दीत कुणी एचएएलचं, कुणी सातपूरचं, कुणी देवळाली कॅम्पचं, कुणी नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला सलाम ठोकून आलेलं, मशीन कळणारी माणसं घराघरात आहेत.

एक व्यवहाराचं पण सांगतो, कारण बरेच जण विचारत होते. आताच्या ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम खराब होतो. आम्ही सगळ्या गाड्यांचे पाइप बदलून इथेनॉल चालेल असे टाकलेत. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. पार्ट्ससाठी मुंबईत कुर्ला, नाहीतर तिकडे हरयाणात डबवाली, आणि जे मिळत नाही ते आपल्या नाशिकच्या अंबडच्या लेथवर बनवून घ्यायचं, तिथले मिस्त्री नमुना हातात दिला की करून देतात.

आणि एक विनंती. दोन दिवसांत किमान तीन-चार जणांनी सांगितलं की गावाकडे मळ्यात शेडमध्ये अशी एक जीप पडून आहे, भंगारवाला मागतोय. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी, सिन्नर, कुठंही असो, देऊ नका लगेच. आधी ग्रिलच्या फटी मोजा, सीट उचलून टाकीचं तोंड बघा, डॅशबोर्डवरच्या पितळी पट्ट्या आणि चॅसी नंबर फडक्यानं पुसून स्वच्छ फोटो काढा, घासू नका, पॉलिश पेपर तर अजिबात नको, आकडे जातात. जुनं आरसी बुक सापडलं तर जपून ठेवा, अर्धं काम त्यावर होतं. फोटो कमेंटमध्ये टाका, गाडी कुठली आणि कोणत्या वर्षाची ते आम्ही बघून सांगतो, गाडी विकायची नसली तरी सांगतो.