पल्स द्यायच्या आधीच कंप्युटरला दिसली

मी फ्लाइट कंट्रोलच्या टेस्टचा डेटा सांभाळते. आमच्याकडे आयर्न बर्ड रिग आहे, म्हणजे विमानाचे खरे ॲक्चुएटर (पंख-शेपटीची पाती हलवणारी यंत्रं), हायड्रॉलिक्स, कंप्युटर असं सगळं जमिनीवर जोडून ठेवलेलं, आणि त्यावर जे काही रेकॉर्ड होतं ते माझ्याकडे येतं.

त्या दिवशी आल्या आल्या कंट्रोल लॉवाले (पायलटच्या कमांडवर विमान कसं वागेल ते ठरवणारे) सर माझ्या टेबलापाशी उभे. "अगं कालचा स्वीप बघितलास का? फेज गेलाय." स्वीपमध्ये एलिव्हेटरला, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पात्याला, वाढत्या फ्रिक्वेन्सीने हलवायचं आणि तो कमांडच्या किती मागे राहतो ते मोजायचं. 2 हर्ट्झला तो मागच्या आठवड्यापेक्षा 14 अंश जास्त मागे होता. विमान डोलायला लागू नये म्हणून साधारण 45 अंशांचा फेज मार्जिन राखून ठेवायचा असतो, त्यातले 14 असेच गेले तर झोप उडणारच ना. असा उशीर वाढला की पायलट एक करतो आणि विमान मागून भलतंच करतं, 1989 मध्ये ग्रिपेन या स्वीडिश लढाऊ विमानाचं पहिलं प्रोटोटाइप उतरताना अशाच झोक्यांत कोसळलं, पायलट नशिबाने वाचला. त्यामुळे सर गेन (कमांडला किती जोरात प्रतिसाद द्यायचा तो आकडा) बदलायच्याच तयारीत होते.

मी म्हटलं सर, दुपारपर्यंत थांबा.

आधी मी सगळ्या फ्रिक्वेन्सी बघितल्या. 1 हर्ट्झला 7, 2 ला 14, 4 ला जवळपास 29 अंश. सरळ रेषा! आणि ॲम्प्लिट्यूड, म्हणजे हालचालीचा आवाका, जिथल्या तिथे, जरासुद्धा कमी नाही. ॲक्चुएटर खरंच सुस्त झाला असता तर वरच्या फ्रिक्वेन्सीला ॲम्प्लिट्यूडही पडला असता. हा नुसता ठरलेला उशीर होता, गणित केलं तर बरोबर 20 मिलिसेकंद, आणि आमच्या बसवर (कंप्युटरचे मेसेज वाहणारी डेटा लाइन) कमांडचा मेसेज 50 हर्ट्झने जातो म्हणजे एक फ्रेम 20 मिलिसेकंदांची. तिथेच मला वाटलं की एलिव्हेटर निर्दोष आहे, घड्याळ चुकतंय.

पण वाटून काय उपयोग, पुरावा हवा. प्रत्येक रनच्या सुरुवातीला आम्ही एक सिंक पल्स देतो, ती थेट ॲनालॉग चॅनेलवरही रेकॉर्ड होते आणि कंप्युटरमधून फिरून बसवरही येते. देतो सगळे, बघत कोणी नाही (मीही रोज बघत नव्हते). कालच्या रनमध्ये बसवरची पल्स ॲनालॉगच्या 8 मिलिसेकंद आधी आलेली. आधी! पल्स द्यायच्या आधी कंप्युटरला ती दिसणार कशी? मागच्या आठवड्याच्या फायलीत तीच 12 मिलिसेकंद नंतर होती, जशी असायला हवी तशी.

मग रेकॉर्डरचं सेटअप शोधलं. मधल्या काळात नवीन सेटअप लोड झालेलं आणि त्यात फ्रेम संपल्यावर पडणारा टाइमस्टॅम्प फ्रेमच्या सुरुवातीला पडत होता, म्हणून कमांड 20 मिलिसेकंद लवकर आल्यासारखी दिसायची आणि बिचारा एलिव्हेटर उशिरा. प्रोसेस केलेल्या फायलीत सॉफ्टवेअर बिल्ड होता, कॅलिब्रेशनची तारीख होती, फक्त रेकॉर्डर सेटअपचं व्हर्जन नव्हतं. तो रकाना ठेवायची जबाबदारी माझी होती.

एक जण म्हणाला, कॉलम 20 ने सरकव आणि दे. नाही. रॉ फाइलला हात लावायचा नाही, डिकोडिंगमध्ये दुरुस्ती करून रॉपासून परत प्रोसेस करायचं, चेकसम (फाइल बदलली नाही ना ते सांगणारा आकडा) जुळवायचा, काय बदललं ते रिपोर्टमध्ये लिहायचं. तसं केलं आणि फेज जागेवर आला, सर एवढे हलके झाले की तिथेच खुर्ची ओढून बसले.

पण त्या सेटअपवर अजून 30 रन झालेले होते आणि ते सगळे परत बघणं भाग होतं. संध्याकाळी त्यात एक फॉल्ट डिटेक्शनची टेस्ट निघाली. सेन्सर तोडल्याची वेळ ॲनालॉगवरून, कंप्युटरने फॉल्ट ओळखल्याची वेळ बसवरून, मर्यादा 100 मिलिसेकंद. रिपोर्टमध्ये 88, पास, सह्या झालेल्या. बसवरची वेळ 20 ने लवकर पडलेली, म्हणजे खरा आकडा 108.

दोनदा तपासलं, मग सरांना फोन केला. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले "टेस्ट ओपन कर, मी येतो."

रात्री साडेनऊला ती पासची नोंद मी रद्द केली.